बादलीवरची रेघ

२ मार्च

ती. वहिनी,

नमस्कार. तुमची दहा वासरं काल दुपारी आली. गोठेवाल्याने टेम्पोतून उतरवली आणि म्हणाला, चार-पाच दिवसांची आहेत, चीक पाजलेला आहे, आता तुम्ही जाणा आणि ती जाणोत. मी म्हटलं, मीही इथे चारच दिवसांचा आहे, आमचं जमेल.

जमायचं कुठलं! पहिली बाटली पाजायला पाऊण तास लागला. बस डेपोत मी तीस वर्षं इंजिनं खोलली आणि जोडली, पण एकाही बसने माझी बाही चोखली नाही. इथे सगळ्यांना माझी बाही हवी, निपल कुणालाच नको. कपाळावर पांढरा ठिपका असलेली एक कालवड आहे, सगळ्यांत बारकी. तिचं नाव मी टिकली ठेवलं. ती माझा अंगठा तोंडात धरून उभी राहते आणि बाटली दाखवली की मान फिरवते.

एक काम मात्र आल्या आल्या केलं. तुमची दूध कालवायची पत्र्याची बादली बुडाशी पार गंजली होती, दूध टपकत होतं. खालचा सडका भाग चार बोटं कापून टाकला आणि नवा तळ झाळून बसवला. बादली जरा बुटकी दिसते, पण आता थेंब गळत नाही. दादाने आतून खिळ्याने मारलेली रेघ तशीच आहे, तिला हात लावलेला नाही. तुमच्या कागदावर लिहिलंय तसं रेघेपर्यंत कोमट पाणी आणि दुधाच्या पावडरची दहा मापं.

तुमचं कमरेचं हाड कसं आहे? माझी बॅग अजून दारातच आहे. दोन महिन्यांसाठी कोण उघडून बसणार.

तुमचा,
भावजी


६ मार्च

भावजी,

आशीर्वाद. पत्र मिळालं. हाड डॉक्टरांच्या मते जुळतंय, माझ्या मते छळतंय. लेकीच्या घराला चार मजले आणि लिफ्ट म्हणजे असून नसल्यासारखी. दोन कुबड्या घेऊन मी खिडकीपर्यंत जाते आणि परत येते. एवढाच माझा प्रवास.

आधी मुद्द्याचं. फोन करू नका. एक तर मला फोनवर धड ऐकू येत नाही आणि तुम्हाला फोनवर खरं बोलता येत नाही. तुम्ही नुसतं 'हो हो, मजेत' म्हणता. कागदावर 'हो हो' लिहायची माणसाला लाज वाटते. दुसरं म्हणजे फोन लेक उचलते. ती नऊला ऑफिसला जाते, पोस्टमन अकराला येतो, खालचा रखवालदार पत्र वर आणून देतो. तेवढं बरं जमतं.

तुम्हाला ठरलेलं सगळं सांगितलं नव्हतं, आता सांगते. मी पडले त्या दिवसापासून जावयांनी शेड आणि जमीन घेणारं गिऱ्हाईक शोधून ठेवलंय. लेकीचं म्हणणं, आई सहासष्ट वर्षांची, वासराने धडक दिली आणि कंबर मोडली, पुरे झालं. मी भांडले, रडलेसुद्धा. शेवटी ती म्हणाली, ही एक खेप होऊ दे. दहातली आठ वासरं दूध सुटून विकली गेली, तर मी पुन्हा विषय काढणार नाही आणि तुला परत नेऊन सोडीन. सातच विकली गेली तर मात्र तू सही करायचीस. मी हो म्हटलं. आता माझं घर त्या दहा बाटल्यांवर आहे, भावजी, आणि बाटल्या तुमच्या हातात. इथून मी उंटावरून शेळ्या हाकणार, दुसरं काय.

टिकलीला दोन बोटं चोखायला द्या आणि बोटांच्या शेजारून हळूच निपल सरकवा. मान फार वर करू नका, दूध छातीत उतरतं. धडधाकट असतील त्यांना आधी पाजा, सुस्त असेल त्याला शेवटी, म्हणजे एकाचं दुसऱ्याला लागत नाही. सकाळी दोन बादल्या, संध्याकाळी दोन. दहा जणांना बरोब्बर पुरतं, ना एक घोट जास्त ना कमी. बादलीची दुरुस्ती केलीत ते फार छान केलंत. चार वर्षं मी तुमच्या दादांच्या मागे लागले होते.

बॅग दारातून हलवा. येणारा-जाणारा ठेचकाळेल.

वहिनी


१२ मार्च

ती. वहिनी,

दोन बोटांचा मंत्र लागू पडला. टिकली आता बाटली रिकामी करते आणि वर मला ढुशी मारते. बाकीच्यांचं तर विचारू नका, मी शेडमध्ये शिरलो की दहा गळे एकदम सुरू होतात. डेपोत पगाराच्या दिवशी असा आरडाओरडा व्हायचा.

तुमच्या दोन बादल्यांचं गणित काही मला जमत नाही. दोन बादल्या पुरत नाहीत. दोन पिल्लं उपाशी राहतात, म्हणून मी रोज तिसरी बादली कालवतो आणि उरलेलं तुमच्या मांजरीला घालतो. ती आता माझ्यापेक्षा जाड झालीय. तुम्ही बाटली अर्धी भरत होता की काय? पावडरचं पोतं पंधरा दिवस जाईल म्हणालात, ते कालच तळाला गेलं. दुकानातून दुसरं आणलंय.

दोघांना जरा पातळ होतंय. चालायचंच. लहान मुलांनाही होतं.

रविवारी तुमच्या लेकीचा फोन आला होता. मी सांगितलं, सगळी मजेत.

भावजी


१६ मार्च

भावजी,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. आता राग आवरून लिहिते, आवरला नाही तर माफ करा.

बाटल्या त्याच, बादली तीच, माप तेच. वीस वर्षं दहा वासरांना दोन बादल्या पुरतात. वीस वर्षं एक पोतं पंधरा दिवस जातं. तुम्ही आलात आणि दहा दिवसांत पोतं संपलं. चार-दोन मापं मांजरीच्या पोटात गेली म्हणून पोतं संपत नाही. मग पावडर जाते कुठे? तुम्ही चहात घालता की नाक्यावरच्या चहावाल्याला विकता, हे मला सरळ सांगा. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, असं माझं इथे चाललंय का?

मी हे बोलणार नव्हते. पण तुमचे दादा आजारी होते त्या वर्षी विहिरीवरचं इंजिन 'दुरुस्तीला नेतो' म्हणून नेलंत आणि ते परत आलं नाही. त्यांनी शेवटपर्यंत तुम्हाला विचारलं नाही. मलाही विचारू दिलं नाही. मी तेव्हा गप्प बसले ती त्यांच्यासाठी. आता गप्प बसायला कुणी सांगणारं नाही.

पोराटोरांचं पातळ वेगळं आणि वासराचं पातळ वेगळं. हगवण लागली की दोन दिवसांत डोळे खोल जातात, कान गार पडतात. किती जणांना आहे, शेणाचा रंग काय, उभी राहतात की नाही, सगळं लिहा. 'चालायचंच' लिहू नका.

लेक काल विचारत होती, काकांचा आवाज असा का येत होता. मी म्हटलं, सर्दी असेल. तुमच्यासाठी मी आता खोटंही बोलायला लागले आहे.

वहिनी


२० मार्च

वहिनी,

मी तुमचं काय घोडं मारलंय ते कळलं. एकदा चोर तो कायमचा चोर.

तर ऐका आता खरं. दोन वासरं गेली. पहिलं चौदा तारखेला, दुसरं परवा. दोन्ही मी शेडच्या मागे पुरली. जनावरांचा डॉक्टर दोनदा येऊन गेला, सुया दिल्या, पाण्यात घालायच्या पुड्या दिल्या, म्हणाला पाण्यातून काही असेल, पाणी उकळून घ्या. मी पाणी उकळतो, बाटल्या उकळतो, निपल उकळतो, आता फक्त मी स्वतः राहिलोय उकळायचा. दूध बंद करून पुडीचं पाणी दिलं की दुसऱ्या दिवशी उठून उभी राहतात, भूक लागते, हंबरतात. मला वाटतं सुटलो. दूध सुरू केलं की पुन्हा तेच. आता आठ उरलीत आणि त्यात टिकली कालपासून आडवी आहे. तिची जीभ कोरडी आहे. अंगठा तोंडात दिला तरी चोखत नाही.

पावडर मी विकली नाही. रोज तुमच्या कागदाप्रमाणे दादाच्या रेघेपर्यंत पाणी घेतो, तुमचीच दहा मापं घालतो आणि त्या बादलीतून चारच बाटल्या भरतात. विश्वास नसेल तर येऊन बघा. इंजिन मात्र मी विकलं होतं. ते खरं आहे. दादाने विचारलं असतं तर सांगितलं असतं, पण तो नुसता माझ्याकडे बघायचा आणि मला ते सहन व्हायचं नाही, म्हणून मी इतकी वर्षं आलो नाही.

बॅग दारात आहेच. टिकलीचं एकदा काय ते झालं की मी निघेन. गोठेवाल्याला सांगून ठेवतो, तो उरलेल्यांना पाजेल. तुम्ही त्याच्यावर तरी विश्वास ठेवा.

भावजी


२३ मार्च

भावजी,

दुपारी फोनवर जे कानावर पडलं असेल ते लेकीच्या तोंडून पडलं. आता माझ्या तोंडून ऐका.

पत्र अकरा वाजता आलं. दोन गेली हे वाचलं. मग पुढे वाचलं, 'त्या बादलीतून चारच बाटल्या भरतात.' चार कशा? माझ्या बादलीतून पाच भरतात. वीस वर्षं पाच भरतात. मी मनात म्हटलं, बघा, खोटं बोलतानासुद्धा हिशेब जमत नाही या माणसाला. रागारागाने तुमची मागची पत्रं काढली, पकडीन म्हणून. आणि पहिल्याच पत्रात दिसलं. चार बोटं कापून टाकला. बादली जरा बुटकी दिसते.

रेघ जिथल्या तिथे होती, भावजी, तळ वर आला होता. पाणी कमी पडत होतं आणि मापं पुरी पडत होती. तुम्ही त्यांना दूध पाजत नव्हता, लापशी पाजत होता. एवढंसं आतडं, त्याला ते सोसायचं कसं? म्हणून पाणी दिलं की उठायची आणि दूध दिलं की पडायची.

मला कळलं खरं, पण पत्राला तीन दिवस लागतात. टिकलीकडे तीन दिवस नव्हते. खालच्या रखवालदाराला वर बोलवून फोन लावायला सांगितला, तर तुमचं एक अक्षर मला ऐकू येईना आणि तो बिचारा 'पाच बाटल्या पाणी' ऐवजी तुम्हाला 'पाच बाटल्या पाहिजेत' सांगत बसला. उरली एकच, माझी लेक. जिच्यापासून लपवायला हा सगळा खटाटोप.

मी दहा मिनिटं फोनकडे बघत बसले. खरं सांगते, दहा मिनिटं. मनात आलं, सांगितलं तर आजच गिऱ्हाईक बोलावतील. न सांगितलं तर निदान कुणाला कळणार नाही. मग मला त्या कोरड्या जिभेची आठवण झाली आणि स्वतःची लाज वाटली. लेकीला ऑफिसातून बोलावून घेतलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. तुम्हाला फोन लावून तिने जे सांगितलं ते मी तिच्या ओठांवर बघत होते. बादलीची रेघ विसरा, बाटलीने मोजून पाच बाटल्या पाणी घ्या, त्यात दहा मापं. टिकलीला आज दूध नाही, पुडीचं पाणी दर दोन तासांनी, अंगावर गोणपाट. रात्री जेवल्यावर ती म्हणाली, "आई, आठ राहिलीत ना?" मी म्हटलं, आठ. म्हणाली, "मग ठरलंय ते ठरलंय. एकही कमी झालं तर सही." मला तिचा राग आला नाही. माझंच रक्त आहे ते.

आता तुमच्यासाठी. मी तुम्हाला चोर म्हटलं. बादली दुरुस्त केल्याचं तुम्ही लपवलं नव्हतं, सरळ लिहिलं होतं आणि मी त्यावर 'फार छान केलंत' अशी शाबासकी दिली होती. वीस वर्षं रोज दोनदा ती रेघ बघणारी बाई मी, मला कळायला नको होतं? आपलेच दात आणि आपलेच ओठ. ती दोन वासरं तुम्ही मारली तेवढीच मीही मारली. मला क्षमा करा. इंजिनाचं मी आता पुन्हा काढणार नाही. तुम्ही कबूल केलंत, ते दादांना ऐकायला मिळालं असतं तर फार बरं झालं असतं.

तुम्ही गेलात का हो? लेक म्हणते फोन तुम्हीच उचलला होता. पण ते दुपारी.

वहिनी


२ एप्रिल

ती. वहिनी,

गेलो नाही. टिकली जाऊ देईना.

फोन ठेवला आणि मी बादली घेऊन अंगणात बसलो. बाटलीने पाणी ओतत गेलो. चार बाटल्यांत पाणी रेघेला टेकलं. पाचवी हातात तशीच राहिली. वहिनी, तीस वर्षांत मी एका बसचा ब्रेक चुकीचा जोडला नाही आणि इथे एका बादलीला तळ लावून दोन जीव घेतले. त्या वेळी मला रडू आलं, ते तुम्हाला सांगून टाकतो. मांजर समोर बसली होती.

त्या दिवसापासून दर दोन तासांनी टिकलीला चमच्याने पाणी घातलं. तिसऱ्या दिवशी तिने अंगठा धरला. पाचव्या दिवशी उभी राहिली आणि पडली, पुन्हा उभी राहिली. बाकी सात जणांचं पोट तीन दिवसांत बांधलं. आता दोन बादल्या, पाच-पाच बाटल्या भरतात, आणि आठ जणांना पाजून दोन उरतात. त्या दोन बाटल्या बघवत नाहीत, म्हणून आता कमीच कालवतो.

क्षमा वगैरे लिहू नका. तुम्ही मला चोर म्हणालात ते मला लागलं, पण त्या पत्रातही शेणाचा रंग विचारलात. तसं विचारणारं मला बऱ्याच वर्षांत कुणी भेटलं नव्हतं.

एक काळजी आहे. बाकीची खुराक खायला लागली, अंगाने भरली. टिकली जगली, पण मागेच राहिलीय. हाडं दिसतात. व्यापारी एप्रिलच्या शेवटी येणार.

भावजी


२९ एप्रिल

ती. वहिनी,

काल व्यापारी आला. बसून लिहितो, कारण हे नीट लिहायला हवं.

सात वासरांना त्याने पाठीवर थापा मारल्या, दात बघितले आणि हो म्हणाला. दर आपण ठरवला होता तोच. टिकलीपाशी आला आणि थांबला. म्हणाला, "ही कोण नेणार? फुकट दिलीत तरी टेम्पोत जागा अडेल." मी दर कमी करायला तयार झालो. नको म्हणाला. निम्म्यावर आलो. नको. गोठेवाल्याला निरोप धाडला, तोही नको म्हणाला. दुपारचे तीन वाजले होते आणि सात वासरं टेम्पोत चढली होती. सात. मी तुमच्या सहीचा विचार करत उभा होतो आणि ती माझा शर्ट चघळत होती.

मग मी व्यापाऱ्याला म्हटलं, "थांबा. ही मी घेतो."

त्याला वाटलं मी थट्टा करतोय. मी म्हटलं, पावतीपुस्तक काढा, साक्षीदार म्हणून सही करा. सातांना जो दर तोच हिला, एक पैसा कमी नाही. दोन महिन्यांचा माझा पगार तुम्ही मला द्यायचा आहे, त्यातून तो वजा करा. उरेल त्यात माझा चहा भागतो. आठवं वासरू विकलं गेलं, वहिनी. घेणारा मी आहे.

हे लेकीपासून लपवू नका. घेणारा घरचाच आहे, वासरू शेडमधून हललेलंही नाही, सगळं सांगा. ती म्हणाली हे चालणार नाही, तर चालणार नाही. लपवालपवीचा मला कंटाळा आलाय आणि तिने त्या दिवशी फोन केला नसता तर विकायला आठवं उरलंच नसतं.

बादलीवर नवी रेघ मारायला खिळा घेऊन बसलो होतो. पाच बाटल्या ओतल्या, जागा बरोबर दिसते. पण हात उचलेना. तुम्ही सांगाल तसं.

भावजी


३ मे

भावजी,

तुमचं पत्र संध्याकाळी मी दोघांसमोर मोठ्याने वाचून दाखवलं. काही गाळलं नाही. एका शब्दावर माझं घर होतं.

जावई म्हणाले, हे काय विकणं झालं? या खिशातून काढून त्या खिशात. त्यांचं चूक नव्हतं. मी कुबडी टेकून उठायला लागले, म्हटलं, द्या तो सहीचा कागद.

तेव्हा लेक म्हणाली, "काकांचा खिसा आपला कधी होता?"

जावई उठून पाणी प्यायले. लेकीने तुमचं पत्र माझ्या हातातून घेऊन पुन्हा एकदा वाचलं, इंजिनाचं जुनं पत्रसुद्धा मागून घेतलं, तेही वाचलं. तिला लहानपणी तुम्ही खांद्यावर बसवून डेपोत नेलं होतं, बसचा भोंगा वाजवायला दिला होता, ते तिला आठवतं, असं म्हणाली. मला ठाऊकच नव्हतं.

पगारातून वजा करीन, नक्की करीन. व्यवहार तो व्यवहार. टिकलीच्या चाऱ्याचेही लावीन. पुढच्या खेपेची वासरं गोठेवाल्याला सांगून ठेवा, पण सहाच. दहा आता माझ्याने व्हायची नाहीत.

बादलीला हात लावू नका. रेघ मी येऊन मारणार आहे.

वहिनी

ता. क. खाली लेक दोन ओळी लिहिते म्हणते.

काका, शनिवारी आईला घेऊन येते. आठव्या वासराची पावती काढून ठेवा, मला बघायची आहे. आणि दारातली तुमची बॅग आत नेऊन कपाटात रिकामी करा, आईच्या कुबड्या अडकतील.